पिवळ्या फुलांची वेल

३ फेब्रुवारी
दुकानाच्या जागेला गिऱ्हाईक आलंय! हे गेल्यापासून शिलाईचं काम मी एकटी बघते, पण जागा यांची नि भावजींची, निम्मी-निम्मी. भावजी टेप घेऊन आले, भिंती मोजल्या. आकडा सांगितला. "वहिनी, नुसता विचार तरी करा."
"यांची खुर्ची आहे इथे. विकायची नाही."
एवढा प्रेमळ माणूस, पण डोळ्यांत काय ती चमक — बघवेना.

५ फेब्रुवारी
वाचनालयात आमचा चौघींचा गट. आज पैशावरची कविता — आणि तिच्यात पैसा हा शब्दच नाही! एक वेल आहे. पिवळ्या फुलांची, खिडकीवर चढणारी. घरातले कौतुकाने पाणी घालतात. शेवटी खिडकी उघडेनाशी होते, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.
"वेलच का?" निवृत्त शिक्षिका म्हणाल्या. "जुन्या कवितांत धनावर नाग बसलेला असतो."
मी म्हटलं, "नागाला माणूस निदान घाबरतो हो. वेलीला पाणी घालतो."
नर्सबाई हसल्या. "अगदी! विष कडू लागलं असतं, तर आमचं निम्मं काम वाचलं असतं."
मी चारचौघींत बोलले! यांना सांगावंसं वाटलं. रोजच वाटतं.

६ फेब्रुवारी
शाळेच्या गणवेशांची काजं-बटणं. वेल काही डोक्यातून जाईना. भावजींच्या खिडकीवर चढलीय, स्पष्ट दिसतंय. बिचारे!

९ फेब्रुवारी
भावजी पुन्हा आले. त्यांना कविता वाचून दाखवली — मुद्दामच! मग, "मला म्हणताय होय?" चहा अर्धा टाकून गेले.
संध्याकाळी धाकट्या जाऊबाईंचा फोन. "ताई, काय वाचून दाखवलंत एवढं? जेवलेसुद्धा नाहीत!"
कवितेत ताकद असते बाई! झोप मस्त लागणार.

१० फेब्रुवारी
यांच्या कात्रीला धार लावून आणली. कापड कसं लोण्यासारखं कापलं जातंय. दिवस छान गेला.

१२ फेब्रुवारी
भावजी दारातूनच म्हणाले, "वहिनी, नाही म्हणून सांगितलं त्याला. दादाची जागा आहे ही." अंगावरचं ओझं उतरल्यासारखे हसत होते.
"बरं झालं," मी म्हटलं. पण मनातून हळहळलेच. माझ्या वाट्याच्या पैशांत घ्यायचं गॅलरीवालं, दोन खोल्यांचं नवं घर — त्याचे पडदेसुद्धा मी मनातल्या मनात शिवून टाकले होते!