आपल्याला डॉक्टर व्हायचंय

तीर्थरूप बाबांना धाकटीचा नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

मेडिकलच्या प्रवेशाचा अर्ज भरतेय. 'डॉक्टर का व्हायचंय?' या प्रश्नापुढे मी लिहिलं, 'आपल्याला लहानपणापासून डॉक्टर व्हायचंय.' खोलीतली मैत्रीण हसत सुटली. "आपल्याला म्हणजे कुणाकुणाला गं? बाबांनाही वर्गात बसवणारेस?"

मीही हसले. तुम्ही नेहमी असंच म्हणता ना, तेच हातून उतरलं. मग ते खोडून 'मला' लिहिलं, तर पुढे काही सुचेचना. अजून तिथंच अडकलेय.

काळजी करू नका, भरीन मी. दादा म्हणाला, तुम्ही आतापासूनच माझ्या नावाआधी 'डॉ.' लावून दारावरची पाटी रंगवायला टाकलीत. बाबा, त्यावर सध्या नुसतं माझं नाव चालेल का?

तुमचीच,
धाकटी