मानिक चौकातला चीला

१२ जानेवारी १९९२, रविवार

बाबांच्या मफलरवर हिरवी चटणी!

सकाळी ‘फिरून येतो’ म्हणून गेले ते नऊला परतले. मी पोहे पुढे ठेवले. दोन घास खाल्ले आणि बाकीचे नुसते चिवडत बसले. ‘भूक नाही गं आज.’ एवढं चालून येणाऱ्या माणसाला भूक नाही? मग मफलर धुवायला घेतला. चटणीला लसणाचा वास. आमच्या घरात चटणीत लसूण पडत नाही – बाबांनाच चालत नाही म्हणून!

विचारलं तर म्हणाले, ‘कबूतर असेल.’

रेल्वेत जन्मभर गार्ड होते. खोटं बोलायची सवय नाही, ते असं दिसतं.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ द्यायला शेजारी गेले. उषाभाभी हसत म्हणाल्या, ‘आपके बाबूजी तो रोज मानिक चौक में चीला उड़ाते हैं! हमारे ये अपनी आँखों से देखके आए.’

रोज!

चीला म्हणजे काय, आपलं मुगाच्या डाळीचं धिरडंच. आत पनीर भरतात आणि वर चटणी, एवढंच. तिथल्या एका गल्लीतल्या दुकानापुढे अर्धी झाशी सकाळपासून रांगेत उभी असते म्हणे. आईच्या धिरड्याला याच बाबांनी ‘आजाऱ्याचं जेवण’ म्हटलं होतं. आई असती तर आज हसून हसून खाली बसली असती.

बाबांना अजून काही बोलले नाही. मजा बघतेय.

१६ जानेवारी

आज पोह्यांऐवजी मी मुद्दाम धिरडी केली. ‘वा!’ म्हणाले. अर्धंच खाल्लं.

१९ जानेवारी, रविवार

आज मागोमाग गेले. रिक्षा केली. चौकाच्या अलीकडेच उतरले, शाल डोक्यावरून घेतली – स्वतःचंच हसू आलं. शाळेत मी शिकवते त्या पोरींनी पाहिलं असतं तर!

गल्लीच्या तोंडाशीच तुपाचा वास. भला मोठा तवा, भोवती गर्दी. ‘हमारा पहले!’ ‘दो पनीर वाला!’ आणि आतल्या बाकावर आमचे बाबा. शेजारी एक बाई. अंगावर पांढरी शाल, कुंकू नाही, ताठ बसलेल्या. बाबा आपल्या पानाच्या दोन्यातलं पनीर उचलून त्यांच्या दोन्यात टाकत होते!

मी पुढे जाऊन उभी राहिले. बाबांचा घास तोंडाजवळच थांबला.

‘विद्या! तू... इकडे कुठे?’

‘कबूतर शोधायला आले,’ मी म्हटलं.

बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की तव्यावरच्या भैयानं वळून पाहिलं. ‘कबुतराचं मला कळलंय हो. अनंतराव, तुम्हाला सांगितलं होतं, मुलीपुढे टिकणार नाही म्हणून. बैस गं. मी जानकी. दतिया गेटची.’

म्हणजे माझ्याबद्दल यांचं बोलणं होतं तर!

गाण्याच्या शिक्षिका होत्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. जुन्या घराण्यातल्या – पाण्याच्या भांड्याला ‘तामली’ म्हणतात, आजीनंतर हा शब्द आजच ऐकला. बाबांना सरळ टोकतात. ‘हळू खा. गाडी सुटत नाहीये.’ आणि बाबा हळू खातात! मी जन्मभर सांगितलं, तेव्हा ऐकलं नाही.

भैयानं विचारलं, ‘काए बिटिया, चटनी और दें?’ मी दोनदा घेतली. खरं सांगायचं तर चीला फार सुरेख होता. कडा कुरकुरीत, आत मऊ. बाबांना मात्र म्हटलं, ‘ठीक आहे.’

२० जानेवारी

बाबांच्या मिशा काळ्या झाल्या. त्यावर कोणी काही बोलायचं नाही, असा चेहरा करून वावरताहेत. मी बोलले नाही. फक्त उजवी बाजू जरा जास्त काळी आहे, तेवढं सांगितलं.

२६ जानेवारी, रविवार

शाळेतल्या झेंडावंदनाहून परत येताना सारखा तोच विचार. चेष्टा पुरे. हे साधं चीला खाणं नाही.

वाईट वाटलं का? वाटलं. आईचं कपाट, आईची भांडी, तिच्या सगळ्या जागा मी सांभाळल्या. माझ्यासाठी स्थळं आली तीही परत पाठवली. बाबांना एकटं कुणाच्या भरवशावर टाकायचं? ज्यांना चहा करता येत नाही, सांडशी कुठे असते ते माहीत नाही! सगळ्यांना हेच सांगत आले. आता त्या घरात दुसरी बाई यायची.

पण त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं होतं?

ठरवलं. आपणच म्हणायचं. मोठेपणा आपल्याकडे.

३० जानेवारी

म्हटलं एकदाचं! संध्याकाळी चहा देताना. ‘बाबा, जानकीबाईंना घरी आणा. रीतसर. पुढची खोली मी रिकामी करते, आईचं कपाट माझ्याकडे घेते. लोकांचं मी बघून घेईन.’

वाटलं होतं, डोळे भरून येतील. निदान डोक्यावर हात ठेवतील. बाबा बशीतल्या चहाकडेच बघत राहिले.

‘अगं... तसं नाही ते.’

‘मग कसं?’

‘रविवारी ये दुकानात. जानकीबाईच सांगतील. मला नाही जमायचं.’

आणि चपला घालून बाहेर! चहा तसाच. एवढं मन मोठं केलं, ते घ्यायलाच कोणी नाही! नकार दिला की काय बाईंनी? बिचारे बाबा.

२ फेब्रुवारी, रविवार

बाई सरळच बोलल्या. ‘ते घर तुझं आहे, विद्या. मी तिथे नाही यायची. अनंतरावच माझ्याकडे राहायला येणार. दोन वर्षांपूर्वीच ठरलं होतं. चहा, भात, सगळं शिकलेत माझ्याकडे. पण दर वेळी म्हणायचे, पोरीला एकटं राहायची भीती वाटते, तिला सोडून कसा येऊ?’

बाबा मान खाली घालून चीला खात होते.

मी म्हटलं, ‘नाही वाटत.’ आवाज जरा फुटला, पण म्हटलं.

घरी येऊन त्यांची ट्रंक मीच भरायला घेतली.