दगडी हात

३ मार्च
चि. लंबूस, अ. उ. आ.
चौकातल्या खाणमालकाचा पुतळा पाडताना दोराला पहिला हात तुझा होता, हे तू फारच ऐटीत कळवलं आहेस. त्याच्या खाणीत आजोबांची छाती गेली, तेव्हा पुतळ्याचं मला दुःख नाही. आई म्हणते, अर्ज करून हलवता आला असता. अर्जच चालले होते इतकी वर्षं, म्हटलं मी.
पण एक गोष्ट पोटात ठेववत नाही. चौथऱ्यामागे बागेचे माळीकाका वाफे खणत होते. पुतळ्याचा हात निखळून त्यांच्या पायावर पडला. ते आमच्याच हॉस्पिटलात आहेत. त्यांना चालायला मीच शिकवते, आणि त्यांच्या नजरेला नजर देववत नाही.
जेवत जा वेळेवर.
तुझी ताई

९ मार्च
ती. ताईस, शि. सा. न.
काल तुझी सुट्टी साधून आलो होतो, सगळं कबूल करायला. पण काकांना वाटलं, मी नवा मदतनीस. खांद्यावर हात टाकून म्हणाले, चल. व्हरांड्यात फेऱ्या मारल्या. पुतळा गेला ते बरंच झालं म्हणाले, कबुतरांची घाण त्यांनाच धुवावी लागायची. पण त्या पोरांपैकी एकाने नुसती हाक मारली असती, तर ते बाजूला झाले असते.
ताई, एवढ्या घोषणा दिल्या आम्ही, आणि मागे कुणी आहे का हे बघायचं सुचलं नाही. तसाच परत आलो.
भित्रा म्हण, पण माया कमी करू नकोस.
लंबू

१३ मार्च
चि. लंबूस, अ. उ. आ.
भित्रा तर आहेसच. तो उंच पोरगा कधी येणार, असं काका रोज विचारतात. तुझ्या खांद्याला धरून चालणं सोपं जातं म्हणे. मी सांगू शकते, पण सांगणार नाही. ते तुझ्याच तोंडून ऐकू देत त्यांना.
वाट पाहते.
ताई

१८ मार्च
ती. ताईस, शि. सा. न.
सांगितलं. व्हरांड्यात, चालता चालताच. त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला. शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं. भिंत धरून एकटेच निघाले. मी मागून चालत राहिलो. खाटेशी पाय वर घेता येईना, तेव्हा मी उचलून ठेवला. ठेवू दिला.
ठाण्यावर जाऊन माझं नाव सांगणार आहे. आईला तू समजाव.
निघताना काकांना विचारलं, उद्या येऊ का? त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तरी येतोय.
तुझा,
लंबू