जांभळ्या लाकडाचा पाळणा

चि. धाकटीस,

पाळणा झाला. तू नको म्हणालीस, तरी त्याच परदेशी लाकडाचा केला. कापलं तेव्हा तपकिरी होतं, मग उजेडात हळूहळू जांभळं होत गेलं, सांज उतरावी तसं. रंधा मारताना शाळेतल्या झाडांच्या कविता नेहमीसारख्या आपोआप ओठांवर आल्या.

तू चिडून म्हणाली होतीस, "झाडांच्या कविता झाडांनाच ऐकवता बाबा, तेही मेल्यावर! त्या एका झाडासाठी जंगलातून रस्ता काढतात, वाटेतलं सगळं आडवं होतं. माझं बाळ त्यात निजणार नाही."

पटतं गं. म्हणूनच हे पत्र पाठवायला तोंड नाही. आणि पाळणा इतका देखणा झालाय, की मोडवत नाही.

बाळ महिन्याचं झालं, असं शेजारीण सांगत होती. मी रिकाम्या पाळण्याला झोका देऊन बघतो. जराही करकरत नाही.

तुझा,
बाबा