आतला खिसा

बुलढाणा, मंगळवार, दिवेलागण

घाईत लिहितेय. अक्षर वाईट येणार.

दुपारी नांदुऱ्याची एक बाई दुकानात आली, पहिल्यांदाच. शिवलेला रेशमी ब्लाऊज पुढे केला आणि हळूच म्हणाली, "डाव्या बाजूनं आतून खिसा लावून द्या, ताई. चिठ्ठी मावली पायजे. कोनाले दिसला नाही पायजे."

हा खिसा तर माझ्या कादंबरीतला! बारा वर्षं कोर्टात लोकांचे जबाब टाईप केले, मग नोकरी सोडून बुटीक टाकलं, कादंबरी लिहायला घेतली. ती अजून कोणीच वाचलेली नाही, ह्यांनीसुद्धा नाही. की एखाद्या जबाबातूनच तो खिसा माझ्या डोक्यात राहिला? आठवत नाही.

कादंबरीत खिसा लावून घेणारीचा नवरा फोन करून खिशाचं विचारतो. शिवणारी सहज "हो" म्हणते. पुढचं प्रकरण त्या बाईच्या प्रेताच्या पंचनाम्याचं आहे.

आत्ता शटर ओढताना फोन आला. नंबर तिचाच, आवाज पुरुषाचा.

"आमच्या घरचीनं ब्लाऊज देला ना तुमच्याकडं? आतून काही लावाले सांगतलं काय? खिसा-बिसा?"

"नाही," मी म्हणाले. "नुसती फिटिंग."

"बरं. उद्या मीच येतो घ्यायले."

फोन त्याच्याकडे, मग ती कुठे आहे?

खिसा दुपारीच लावून झाला होता. आता उसवला. पण रेशमावर टाक्यांची भोकं राहिलीत. डाव्या बाजूला, उजेडात धरलं की दिसतात.