कमी मार्क पाडायची परीक्षा

बाबा,

उद्या सकाळी दहा वाजता मी चारचौघांत तुमचं नाव घेणार आहे. आज रविवार, दुपारचे तीन वाजलेत. आई अबोला धरून आतल्या खोलीत पडली आहे आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी हे लिहीत बसलोय. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला लिहावंसं मला एकदाही वाटलं नाही, आणि आजही प्रेमाने वाटतंय असं समजू नका. आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या कॉलेजांनी एक समिती नेमली आहे. हेल्मेटने दुसऱ्याच्या डोक्यावर धडक मारणाऱ्याला मैदानाबाहेर काढायचा जो नियम आहे, तो सैल करावा म्हणून जुने खेळाडू आणि कोच हात धुऊन मागे लागलेत. शिवाय डोक्याला मार बसलेल्या खेळाडूला परत उतरवायचं की नाही, यात ट्रेनरचा शब्द शेवटचा असतो, तोही त्यांना खुपतो. घरच्यांचं आणि कोचचंही ऐका म्हणतात. मी आता एका छोट्या कॉलेजात ट्रेनर आहे. ट्रेनर म्हणजे बैठका मारून घेणारा नव्हे, दुखापती बघणारा. घरच्यांचं ऐकलं की काय होतं ते उद्या मी सांगणार आहे.

तुम्ही गाड्या आदळायचात. नोकरीच ती तुमची, आतला माणूस वाचतो का ते तपासायची, आणि त्यात तुमचा हात धरणारा कुणी नव्हता हे मी आजही मान्य करतो. पुण्याहून इकडे अमेरिकेत, नोव्हायला आलो तेव्हा मी दहाचा होतो. बाराचा झालो तेव्हा तुम्ही मला लॅब दाखवायला नेलंत. सीटवर बांधलेला तो माणसाएवढा पुतळा, डमी, त्याच्या गालाला लावलेला रंग, एक मोठा आवाज, आणि मग पडद्यावर तोच क्षण सावकाश, पुन्हा पुन्हा. तुम्ही माझ्या डोक्यावर टिचकी मारून म्हणालात, "मेंदू आत चिकटवलेला नसतो रे. डब्यातल्या दह्यासारखा असतो. डबा थांबतो, दही थांबत नाही." घरी आल्यावर मी हे आईला तीन वेळा सांगितलं. गाडी नुसती ड्राइव्हवेवरून गराजमध्ये घ्यायची असली तरी तिघांचे बेल्ट लागल्याशिवाय तुम्ही ती हलवत नव्हता. असा माणूस. तुम्ही अडाणी असतात तर मी तुम्हाला कधीच माफ करून मोकळा झालो असतो.

आणि हाच माणूस शनिवारी बेसमेंटमध्ये कांदेपोह्यांची बशी मांडीवर घेऊन कॉलेज फुटबॉल बघायला बसायचा. पास पकडायला हवेत उडी मारलेल्या पोराला दुसरा येऊन आडवा करायचा, की तुमच्या तोंडून "अर्रर्रर्र" असा आवाज निघायचा. दुःखाचा नाही. बासुंदी जमल्यावर काढतात तसा. मग रिमोट. मागे, पुढे, मागे. इथल्या मराठी मंडळातल्या बाकीच्यांची मुलं बुद्धिबळ आणि स्पेलिंगच्या स्पर्धांना जायची, त्या सगळ्या काकांना खाली बोलावून तुम्ही माझ्या शाळेच्या फुटबॉल मॅचचे व्हिडिओ दाखवायचात. "आपली पोरं मऊ असतात म्हणतात ना? हे बघा." शेजारचे काका एकदा म्हणाले, "अरे, तू तर सेफ्टीवाला! यार, तुला भीती नाही वाटत?" त्यावर तुम्ही हसलात. "गाडीत माणूस मर्जीने आदळत नाही, इथे आदळतो. फरक आहे." धडकेचा नियम आला तेव्हा तुम्हीच पहिले कडाडलात, खेळाची पार भातुकली करून टाकली म्हणून. मी सोफ्याच्या हातावर बसून ऐकत होतो. मला तुमचा अभिमान वाटत होता, हेही लिहून टाकतो, कारण त्याचीच मला सगळ्यात जास्त चीड येते.

कॉलेजच्या टीममध्ये निवड झाली त्या ऑगस्टची गोष्ट. सीझन सुरू व्हायच्या आधी प्रत्येक खेळाडूला कॉम्प्युटरवर एक परीक्षा द्यावी लागते, आजही लागते. शब्द लक्षात ठेवायचे, आकार ओळखायचे, रंग दिसला की झटकन बटण दाबायचं. त्याचे मार्क फाइलला लागतात. पुढे डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा घेतात आणि किती घसरला ते बघतात. तुम्ही हे सगळं वाचून काढलंत आणि ह्याच टेबलाशी मला बसवलंत. ज्या माणसाने आयुष्यात कधी बी ग्रेड घरात येऊ दिली नाही, तो मला म्हणाला, "पहिल्यांदाच सांगतोय, कमी मार्क पाड." आधीच कमी असले की नंतर घसरलेलं दिसत नाही, साधा हिशेब. मला वाटलं गंमत करताय. तुम्ही लॅबमधलं स्टॉपवॉच आणलं होतं. चार संध्याकाळी तुम्ही मला चुकायला शिकवलंत. "सगळंच चुकलास तर सॉफ्टवेअर पकडतं. चूकसुद्धा हुशारीने करायची. पाचातला एक सोड, कधी दोन." मी एकदा चुकून पाचही बरोबर सांगितले तर खेकसलात, "लक्ष कुठाय तुझं?" आई ओट्याशी उभी होती. तिला हसू आवरेना. आम्ही तिघंही हसलो, बाबा. घरात एवढं हसू त्याआधी कितीतरी महिन्यांत झालं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात मला पहिल्यांदा खरा मार बसला. बसमध्ये दोनदा ओकलो आणि माझं सामान समजून भलत्याचीच बॅग घेऊन उतरलो. सोमवारी ट्रेनर बाईंनी परीक्षा घेतली. पन्नाशीच्या, कोरड्या बोलण्याच्या बाई होत्या. मी जीव तोडून परीक्षा दिली. यावेळी एकही चूक मुद्दाम केली नाही. पडद्यावरचे आकार मात्र एकसारखेच दिसत होते आणि शब्द वाचून होईतो निसटत होते. तुम्ही कामावरून थेट तिथे आलात, कंपनीचं जाकीट घालून. कोच होता, कॉलेजने नेमलेला डॉक्टर होता. बाई म्हणाल्या, "सर, ही इज बिलो हिज ओन बॅड डे." त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं की तो वाईट दिवस, म्हणजे फाइलमधले ते कमी मार्क, आपण दोघांनी स्वयंपाकघरात बसून बनवला होता. म्हणजे खरी घसरण किती, हे मोजू शकणारा त्या खोलीत एकच माणूस होता. तुमच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मी पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील. आता म्हणतील, चल बाळा, घरी चल.

तुम्ही लॅपटॉप उघडलात.

मॅचच्या व्हिडिओवरून तुम्ही माझ्या डोक्याचा वेग काढून आणला होता. आलेख होते, निळे आणि लाल. "आय डू धिस फॉर अ लिव्हिंग," तुम्ही म्हणालात, आणि आमच्या डमीला आम्ही रोज याच्या दुप्पट धक्का देतो, अशा अर्थाचं काहीतरी. बाई म्हणाल्या की डमीला परीक्षा द्यावी लागत नाही. कोचने तुमच्याकडे पाहिलं, डॉक्टरने कोचकडे पाहिलं, आणि झालं, शनिवारी मी खेळणार हे ठरलं. तेव्हा ट्रेनरचा शब्द शेवटचा नव्हता. पार्किंगमध्ये तुम्ही माझा बेल्ट ओढून पाहिलात, नीट लागलाय ना म्हणून.

त्या शनिवारचं मला काही आठवत नाही. जे माहीत आहे ते तुमच्या फोनमधल्या व्हिडिओवरून. तो मुलगा पास पकडायला वर बघतोय. मी लांबून सुटलोय, मान खाली, हेल्मेटचा टाळू पुढे. मान खाली घालायची नाही हे मला नववीपासून शिकवलेलं होतं, त्या दिवशी डोकं जागेवर असतं तर घातली नसती असं मला वाटतं, पण ते सिद्ध करता येणार नाही. व्हिडिओत तुमचा आवाज येतो, "फोड त्याला! शाब्बास!" मग सगळं स्टेडियम शांत. तो गवतावर पडलाय, एक पाय दुमडलेला, हलत नाही. मग पंच माझ्याकडे बोट करून मला बाहेर काढतो, आणि त्या शांततेत एकच माणूस ओरडत असतो, "क्लीन! दॅट वॉज क्लीन!" आसपासचे लोक वळून तुमच्याकडे बघतात, तेही त्यात आलंय. घरी येताना मी म्हणालो, मला हॉस्पिटलमध्ये जायचंय, त्याला भेटायचंय. तुम्ही रस्त्यावरची नजर न काढता म्हणालात, "सॉरी म्हणायला गेलास म्हणजे चूक कबूल केलीस. काही गरज नाही." मी गेलो नाही. तो मुलगा जगला. डावा हात त्याला परत मिळाला नाही. उद्या तोही येणार आहे.

आईला हे सगळं आज सकाळी सांगितलं. ती भाजी चिरत होती. "मेलेल्या माणसाला कशाला साक्षीला उभं करतोस?" म्हणाली. मी म्हटलं, "आई, ऐक तर. ट्रेनरचं ऐकलं असतं तर तो पोरगा आज—" तिने मला पुरतं बोलूच दिलं नाही. "लॅबमध्ये त्यांचा फोटो लावलाय. मंडळातली माणसं अजून त्यांच्याबद्दल चांगलं बोलतात. तेवढंच उरलंय माझ्याकडे, तेही पुसून टाक. आणि धडक तू मारलीस ना? मग तुझं नाव सांग. तेव्हा बरा गप्प बसलास." मी म्हटलं, "तू पण हसली होतीस, आई." सुरी खाली ठेवून ती आत गेली. बोलायला नको होतं. पण बाबा, मला हे तुमच्याकडूनच आलंय. समोरच्याचं लक्ष वर असताना नेमकं कुठे मारायचं ते.

एकदा मी तुम्हालाही तसंच मारलं होतं. तुम्हाला स्ट्रोक आला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी. डॉक्टर म्हणजे तरुण मुलगी होती. तिने पाच शब्द सांगितले, म्हणाली, लक्षात ठेवा, थोड्या वेळाने विचारते. मग शंभरातून सात सात वजा करायला लावले. गाड्यांचे वेग तोंडी सांगणारा माणूस त्र्याण्णववर अडकला. मग तिने शब्द विचारले. तुम्हाला इंग्लिश सापडेना. "चावी," तुम्ही म्हणालात. मी तिला सांगितलं, की. तिने मान हलवली. "गाजर." कॅरट. मान. मग खूप वेळ काही नाही. मग "घोंगडी." ब्लँकेट, मी म्हटलं. पुन्हा मान. पुढे तुम्ही थांबलात आणि माझ्याकडे बघितलंत. तसं तुम्ही माझ्याकडे जन्मात कधी बघितलं नव्हतं. सांग ना, एक तरी सांग, असं. मी तुमच्या खांद्यावर हात ठेवला आणि मराठीत म्हणालो, "छान झालं, बाबा. आता पुढच्या वेळी याहून कमी आले तरी कुणाला कळायचं नाही." डॉक्टर हसली, तिला वाटलं मी धीर देतोय. तुम्हाला कळलं. तोंडाच्या चालणाऱ्या बाजूने तुम्ही काहीतरी बोलू पाहिलंत. मी वाकून ऐकलं नाही. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात, आणि मधल्या दिवसांत मी तुमच्याशी फक्त पाणी हवंय का, एवढंच बोललो.

मी मुद्दाम मदत केली नाही असंच तुम्ही समजला असाल. समजा. मलाही ते बरं वाटतं, सूड म्हणून ते शोभून दिसतं. पण मी कॉटच्या कडेला बसून ते शब्द तुमच्याबरोबरच मनात धरले होते. चोवीस वर्षांचा होतो. चावी तेवढी माझ्याकडे होती. गाजर आणि घोंगडी तुम्ही म्हणालात, तिने मान हलवली, तेव्हा मला कळलं की ते यादीत होते. उरलेले दोन मला आजही माहीत नाहीत. मी घाबरलो होतो आणि मला कुणालातरी मारायचं होतं. तुम्ही समोर होतात.

उद्या मी तुमचं नाव घेईन, स्टॉपवॉचचं सांगेन, लॅपटॉपचं सांगेन. आई येणार नाही. हे कागद मी कुणाला दाखवणार नाही. साक्ष देणाऱ्यांनी आधी एक फॉर्म भरून द्यायचा होता. साक्ष देणाऱ्याला स्वतःला विसरण्याचा किंवा डोक्याचा काही त्रास आहे का, असा त्यात प्रश्न होता. 'हो' म्हटलं तर मला मुलांच्या परीक्षा घेऊ देणार नाहीत. मी 'नाही'वर खूण करून शुक्रवारीच पाठवून दिलाय.