वसंतापर्यंत करवत नको

फेअरली, न्यूझीलंड
२२ ऑक्टोबर २००६

ती. आईंना,
कल्याणीचा वाकून नमस्कार.

काल लक्ष्मीपूजन झालं. चकल्या मऊ पडल्या, पण तुमच्या लेकानं आणि नानांनी, दोघा बापलेकांनी मुकाट्यानं खाल्ल्या. अनिरुद्धचा दवाखाना आणि माझी फार्मसी, दोन्ही ठीक. नाना बरे आहेत. फोनवर मी दरवेळी एवढंच सांगते आणि तुम्हीही पुढे विचारत नाही. आज जरा जास्त लिहिते.

जूनमध्ये इथे मोठा बर्फ पडला, वीज गेली, ते तुम्हाला ठाऊक आहे. घरामागे वाऱ्याला आडोसा म्हणून आम्ही पाइनची रांग लावली आहे. ती कोवळी झाडं बर्फाच्या ओझ्यानं पार जमिनीला टेकली. नाना सकाळी झाडू घेऊन बर्फ झटकायला गेले. गोठलेल्या फांद्या काडकाड मोडल्या आणि नाना घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, टिमारूच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. तुम्हाला कळवायचं नाही, अशी त्यांनी शपथ घातली होती. आता ते काठी घेऊन चालतात, म्हणून मीच ती शपथ मोडते आहे. रागवायचं तर माझ्यावर रागवा.

ते घरी आले तोवर झाडं तांबूस पडली होती. सुयांसारखी पानं वाळलेली, काहींचे शेंडेच गेलेले. नानांचं एकच पालुपद, मेलीत ती, तोडून टाका. अनिरुद्ध माणूस बोलावणारही होता. शेजारच्या हेलनबाईंनी थांबवलं. त्यांची झाडं मागे एकदा अशाच बर्फात सापडली होती. त्यांनी एक फांदी नखानं खरवडून आतलं हिरवं दाखवलं आणि म्हणाल्या, वसंतापर्यंत करवत नको.

नाना खिडकीशी खुर्ची ओढून बसायला लागले. सप्टेंबरात इथला वसंत आला आणि बहुतेक झाडांच्या टोकांना फिकट हिरवे कोंब आले. वाकलेली हळूहळू उभी राहिली, बुंध्याशी बाक राहिला तो राहिलाच. जिथे शेंडा मोडला होता तिथे बाजूची एक फांदी वर वळली आहे. आता तीच शेंडा होईल म्हणे. काही खरंच मेली, ती काढली.

परवा नाना काठी टेकत त्या रांगेपर्यंत गेले. बराच वेळ झाला म्हणून मी शाल द्यायला गेले, तर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "रामफळाचीही नुसती पानंच झडली होती. ती थांबा म्हणत होती, मी ऐकलं नाही."

आई, तुमचं ते रामफळाचं झाड मेलं समजून त्यांनी तोडलं, तुम्ही बोलणं टाकलंत, आणि ते इकडे निघून आले. यावर आपण कधी बोललो नाही. आताही मी मध्ये पडत नाही. त्यांना घरी यायचं आहे. पण तिकीट काढू का विचारलं, तर म्हणतात, आधी तिला विचारतो.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी फोन येईल. नंबर आमचाच असेल, पण बोलणारी मी नसेन. तेवढा उचला.

तुमची,
कल्याणी